तळपायांचा फोटो व्हायरल झाला, सातबाऱ्याचं काय?

रात्रीचे दोन वाजून गेले होते. आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. नुसते तळपाय. चेहरा नाही, झेंडा नाही. सोललेली कातडी, फुटलेल्या टाचा आणि त्यात अडकलेली रस्त्याची माती. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'नाशिकहून चालत आलेत. उद्या दहावीचा पेपर आहे, पोरांना त्रास नको म्हणून रात्रीतच मुंबई पार करतायत.'

ती ११ मार्च २०१८ ची रात्र होती. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, मी एफवायला होते. ६ मार्चला नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून त्या संध्याकाळी सायन-चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर पोचला होता. चालणाऱ्यांत बहुसंख्य आदिवासी, बायका निम्म्याच्या आसपास. ठरलं होतं सकाळी निघायचं, पण परीक्षार्थी मुलांचा विचार करून दिवसभराच्या चालीनंतर हे लोक मध्यरात्री पुन्हा उठले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानावर जाऊन बसले. वाटेत मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभे होते. आमच्या ग्रुपमधल्या चौघीही पाण्याच्या बाटल्या घेऊन हायवेवर गेल्या.

मी गेले नाही. सकाळचं लेक्चर होतं. मी तो फोटो स्टेटसला ठेवला आणि झोपले. सकाळी उठले तर दीडशे लोकांनी पाहिलेला, वीसेक जणांनी हात जोडल्याची इमोजी पाठवलेली. खरं सांगायचं तर मला आपण काहीतरी केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी बातमी आली की सरकारने लेखी आश्वासन दिलं, मोर्चा मागे. आपण जिंकलो! आणि विषय संपला.

पुढे पाच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, एक छोटी बातमी वाचली. दिंडोरीहून शेतकरी पुन्हा चालत निघालेत. मागण्यांमध्ये कांद्याचा भाव होता, आणि वनजमिनींचा तोच जुना विषयही होता. म्हणजे २०१८ ला जे 'जिंकलं' होतं, त्यातलं बरंच अजून कागदावरच होतं. मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मधल्या पाच वर्षांत त्या मागणीचं काय झालं, हे मला एकदाही पाहावंसं वाटलं नव्हतं.

सोशल मीडियाने आंदोलनं बदलली, असं आपण सगळेच म्हणतो. नक्की काय बदललं, आणि काय तसंच राहिलं?

आधी बातमी कशी पोचायची?

फोन हातात यायच्या आधी आंदोलनाची बातमी बरीच पायपीट करून छापून यायची. कार्यकर्ता प्रेसनोट लिहायचा, तिच्या कार्बन कॉपी किंवा झेरॉक्स काढायचा आणि पेपरांच्या ऑफिसात नेऊन द्यायचा. तालुक्याच्या गावी असेल तर तिथला बातमीदार फोनवर किंवा फॅक्सवर मजकूर पाठवायचा. मग डेस्कवरचा उपसंपादक ठरवायचा की आतल्या पानावर चार ओळी द्यायच्या, जिल्हा आवृत्तीत टाकायची की जागाच नाही. म्हणजे आंदोलन झालं की नाही हे हजारो लोकांसाठी त्या एका टेबलावर ठरत असे.

या पद्धतीचे तोटे उघड होते. शहरापासून लांब, फोटोग्राफर पोचणार नाही अशा ठिकाणी बसलेल्या माणसांची बातमी होतच नसे. पण एक गोष्ट तेव्हा आपोआप व्हायची. बातमी छापून आणायला संघटना लागायची. प्रेसनोट लिहिणारा, गावोगाव बैठका घेणारा, वर्गणी गोळा करणारा, तहसीलदाराच्या दारात दर सोमवारी जाऊन बसणारा, अशी माणसं असल्याशिवाय मोर्चा निघतच नसे. मोर्चा रस्त्यावर दिसला याचा अर्थ त्याच्यामागे महिने किंवा वर्षं गेलेली असायची.

तुर्की वंशाच्या समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकी यांनी २०१७ च्या 'ट्विटर अँड टिअर गॅस' या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलंय. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की पूर्वी मोठा मोर्चा हा दीर्घ कामाचा शेवटचा टप्पा असायचा, आता तो पहिला टप्पा असतो. गर्दी जमवायला वेळ लागत नाही. त्यामुळे वेळ लागत असताना ज्या गोष्टी शिकल्या जायच्या, म्हणजे एकत्र निर्णय घेणं, भांडण मिटवणं, कोणाला बोलणीला पाठवायचं ते ठरवणं, त्या शिकायच्या राहून जातात.

टेबल फिरलं

महाराष्ट्रात हे टेबल फिरताना आपण पाहिलंय. २०१६ चे मराठा क्रांती मोर्चे आठवा. ९ ऑगस्टला औरंगाबादला पहिला मोर्चा निघाला आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत लाखोंचे मूक मोर्चे निघाले. निवेदन द्यायला पुढे मुली. घोषणा नाहीत. गाड्या कुठे लावायच्या, रांग कशी धरायची, मोर्चा गेल्यावर रस्त्यावरचा कचरा कोणी उचलायचा, याच्या सूचना व्हॉट्सअॅपवरून फिरत होत्या. दिल्लीच्या वाहिन्यांना जाग येईपर्यंत इथे कित्येक जिल्हे होऊन गेले होते. आंदोलन आधी फोनवर घडलं आणि मग मीडियात आलं.

अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्यातलं गाव. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे तिथे उपोषणाला बसले तेव्हा गावाचं नाव मुंबई-पुण्यात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला. त्याचे व्हिडिओ फिरले आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत राज्यभरातले नेते त्या गावात हजर झाले. आधी दगडफेक झाली की आधी लाठीमार, यावरून मग दावे-प्रतिदावे सुरू झाले. इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवायला हवी. व्हिडिओ जिथे सुरू होतो तिथे घटना सुरू झालेली नसते. कोणीतरी फोन बाहेर काढला, तिथे फक्त रेकॉर्डिंग सुरू झालेलं असतं.

आणि दिल्लीच्या सीमांवरचं २०२०-२१ चं शेतकरी आंदोलन तर आणखी पुढे गेलं. तिथे बसलेल्यांना वाटलं की काही वाहिन्या आपल्याबद्दल धडधडीत खोटं दाखवतायत. त्यांनी त्या वाहिन्यांशी बोलायला नकार दिला आणि स्वतःचाच मीडिया उभा केला. 'किसान एकता मोर्चा' नावाची सोशल मीडिया खाती सुरू झाली. १८ डिसेंबर २०२० ला 'ट्रॉली टाइम्स' नावाचा चार पानी पेपर निघाला, पंजाबी आणि हिंदीत. गंमत बघा, रीलच्या काळात आंदोलकांनी छापील पेपर काढला! कारण ट्रॉलीत बसलेल्या आजोबांच्या हातात स्मार्टफोन नव्हता आणि मैलोन्‌मैल पसरलेल्या तळावर मागच्या टोकाला काय ठरलं ते पुढच्या टोकाला कळायला हवं होतं. ज्यांना व्हायरल होणं जमत होतं, त्यांनाही व्हायरल होणं पुरेसं वाटलं नव्हतं.

बातमीदारांचंही काम बदललं. आता डेस्कवरून पहिला प्रश्न येतो, 'व्हिडिओ आहे का?' व्हिडिओ असेल तर बातमी. तहसील कचेरीसमोर पंचवीस बाया तीन आठवडे शांतपणे बसून आहेत, यात व्हिडिओ काय करणार? तिथे काही 'घडत' नाही. मग आंदोलकांनाही कळतं की घडवावं लागतं. जून २०१७ च्या शेतकरी संपात रस्त्यावर ओतलेल्या दुधाची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. संप पुणतांब्याच्या ग्रामसभेतून उभा राहिला होता, हे किती जणांना आठवतं? दुधाच्या भावाचं गणित काय होतं, हे कितीजणांनी वाचलं? चित्र इतकं मोठं झालं की मागणी त्याच्यामागे झाकली गेली.

एका सहीची मागणी

मग व्हायरल होण्याने काहीच मिळत नाही का? मिळतं की! कधीकधी चोवीस तासांत मिळतं. तुमच्यातल्या स्पर्धा परीक्षावाल्यांना ११ मार्च २०२१ आठवत असेल किंवा सीनियर्सकडून ऐकलं असेल. एमपीएससीची पूर्वपरीक्षा १४ मार्चला होती. आधीही अनेकदा पुढे गेलेली. तीन दिवस उरले असताना ती पुन्हा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. कोणत्याही संघटनेने हाक द्यायच्या आत टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅपवरच्या अभ्यासाच्या ग्रुपांवरून निरोप गेले आणि पुण्यात मुलं अभ्यासिकांमधून उठून रस्त्यावर येऊन बसली. नाशिक, कोल्हापूर, नागपूर, सगळीकडे तेच. रात्री मुख्यमंत्र्यांना स्वतः बोलावं लागलं. दुसऱ्या दिवशी तारीख आली आणि २१ मार्चला परीक्षा झालीसुद्धा.

२०२४ च्या ऑगस्टमध्येही तसंच. एमपीएससी आणि आयबीपीएसचे पेपर एकाच दिवशी, २५ ऑगस्टला आले. पुन्हा पुण्यात शास्त्री रोडवर मुलं बसली आणि यावेळी परीक्षा पुढे ढकलली गेली.

या दोन्ही मागण्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. त्या एका सहीने सुटणाऱ्या होत्या. मागणी एका ओळीत सांगता येत होती, ती कोणाकडे करायची ते स्पष्ट होतं, आणि समोरच्याने एक पत्रक काढलं की प्रश्न मिटत होता. अशा मागणीसाठी सोशल मीडियासारखं हत्यार नाही. एका दिवसात इतका दबाव येतो की सही करणाऱ्याला ती टाळणं महाग पडतं.

पण त्याच २०२१ च्या उन्हाळ्यानंतर काय झालं तेही आठवा. मुख्य परीक्षा पास झालेली, पण मुलाखती रखडल्या म्हणून वर्ष-दीड वर्ष ताटकळत बसलेली कितीतरी मुलं होती. आयोगावरच्या सदस्यांच्या जागाच भरलेल्या नव्हत्या, मग मुलाखती घेणार कोण? हा विषय मार्चच्या ट्रेंडमध्ये नव्हता. 'परीक्षा पुढे ढकलली' याचा जसा एक स्क्रीनशॉट होतो, तसा 'चार जागा रिकाम्या आहेत' याचा होत नाही. जूनअखेरीस पुण्यात अशा ताटकळलेल्यांपैकी एका उमेदवाराने आयुष्य संपवलं, तेव्हा कुठे जागा भरायची तारीख जाहीर झाली. रिकाम्या जागा आधीपासून सगळ्यांना दिसत होत्या. त्यांच्याकडे बघत राहणारं कोणी नव्हतं.

करवत फोनपेक्षा जलद

कधीकधी सही एकच लागते, पण तीही वेळेत मिळत नाही. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. आरेतल्या मेट्रो कारशेडविरोधातल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. करवतींच्या आवाजाचे व्हिडिओ फोनाफोनीवर फिरले. गोरेगाव, अंधेरी, पवई, मिळेल तिथून लोक निघाले, त्यात कॉलेजची मुलं बरीच होती. दुसऱ्या दिवशी तिथे जमावबंदी लागली. २९ जणांना अटक झाली, त्यात विद्यार्थीही होते.

कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाला सुट्टी असूनही त्या पत्राचीच याचिका करून ७ ऑक्टोबरला विशेष खंडपीठ बसलं आणि 'जैसे थे'चा आदेश झाला. एका पत्राने सर्वोच्च न्यायालय सुट्टीत उघडलं, ही लहान गोष्ट नाही. पण तोपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. तोडायची होती २,१८५. म्हणजे आदेश आला तेव्हा वाचवायला जवळपास काहीच उरलं नव्हतं.

आरेचा लढा त्या रात्री सुरू झाला नव्हता. आरेतल्या पाड्यांवरचे आदिवासी आणि काही रहिवासी त्याआधी कित्येक वर्षं सुनावण्यांना जात होते, हरकती नोंदवत होते. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने तोडणीला मंजुरी दिली ती २९ ऑगस्टला, म्हणजे त्या रात्रीच्या महिनाभर आधी. त्या बैठकीच्या दिवशी माझ्या टाइमलाइनवर किती पोस्ट होत्या? मला एकही आठवत नाही. त्या रात्री मात्र माझ्या ओळखीच्या प्रत्येकाने आरेवर काहीतरी टाकलं होतं. झाडावर करवत चालते तेव्हा व्हिडिओ होतो. मंजुरीचा कागद टेबलावरून सरकतो तेव्हा होत नाही.

हजार सह्यांची मागणी

आता परत त्या तळपायांकडे येऊ. ते लोक काय मागत होते? कर्जमाफी होती, इतरही मागण्या होत्या, पण मोठी मागणी वनहक्क कायद्याची होती. हा कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जे आदिवासी कुटुंब वनजमीन कसतंय, त्याला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. ऐकायला सोपं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? आधी दावा गावाच्या वनहक्क समितीकडे जातो. ती जागेवर जाऊन पडताळणी करते. मग ग्रामसभेचा ठराव. मग उपविभागीय समिती. मग कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. कुठे पुरावा कमी पडतो, कुठे मोजणीत जमीन निम्मीच येते, कुठे दावा फेटाळला जातो आणि अपील करावं लागतं. दावा मंजूर झाला तरी सातबाऱ्यावर नाव लागायचा वेगळा झगडा. हे एका कुटुंबाचं. अशी हजारो कुटुंबं, प्रत्येकाची वेगळी फाइल, प्रत्येक फाइलवर अनेक सह्या.

मंत्रालयात एक लेखी आश्वासन मिळालं म्हणून या फाइली आपोआप हलत नाहीत. म्हणून तर हेच लोक फेब्रुवारी २०१९ मध्ये नाशिकहून पुन्हा निघाले आणि पुन्हा लेखी आश्वासन घेऊन थांबले. म्हणून मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा निघाले. तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदला मुक्काम पडला होता आणि तिथे त्यांच्यातल्या एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. २०१८ च्या फोटोइतकं व्हायरल यातलं काहीच झालं नाही. आपल्यासाठी ती जुनी स्टोरी होती. त्यांच्यासाठी तीच फाइल अजून तिथेच होती.

दिल्लीच्या सीमेवरच्या आंदोलनाची मागणी तशी एका सहीची होती, तीन कायदे मागे घ्या. तरी वर्ष लागलं. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी माघारीची घोषणा केली आणि डिसेंबरमध्ये तळ उठले. हे टिकलं ते हॅशटॅगवर नाही. गावातून कोणत्या आठवड्यात कोण जाणार आणि त्याची शेती कोण बघणार, हे ठरवणाऱ्या शेतकरी संघटना होत्या. लंगर होते. नेत्यांमध्ये मतभेद झाले तरी एका टेबलावर बसायची सवय होती. सोशल मीडिया त्यांचा भोंगा होता, पाया नव्हता.

जिंकल्यानंतरचा दिवस

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. इजिप्तमध्ये खालिद सईद नावाचा तरुण २०१० मध्ये पोलिसांच्या मारहाणीत गेला. त्याच्या नावाने वाएल घोनिम या तरुण इंजिनिअरने, स्वतःचं नाव लपवून, फेसबुक पेज काढलं. त्या पेजवरून २५ जानेवारी २०११ ची हाक गेली. तीन दिवसांत सरकारने इंटरनेट बंद केलं, तरी लोक हटले नाहीत, आणि ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक पायउतार झाले. तीस वर्षांची सत्ता अठरा दिवसांत! पण पुढे काय हवं यावर त्या गर्दीचं एकमत नव्हतं. २०१३ मध्ये लष्कराने पुन्हा ताबा घेतला. पुढे खुद्द घोनिमनेच जाहीरपणे मान्य केलं की समाज मुक्त करायला इंटरनेट पुरेसं आहे असं मला वाटायचं, तो माझा गैरसमज होता. ज्या माध्यमाने लोकांना जोडलं, त्यानेच नंतर अफवा आणि द्वेष पसरवून तोडलंही, असं त्याचं म्हणणं.

आणि शेजारचं नेपाळ तर ताजं आहे. ४ सप्टेंबर २०२५ ला सरकारने २६ सोशल मीडिया प्लॅटफॉर्म बंद केले. नेत्यांच्या मुलांच्या चैनीचे व्हिडिओ आधीच फिरत होते. ८ तारखेला तुमच्या वयाची मुलं, काही तर शाळेच्या गणवेशात, रस्त्यावर आली आणि एका दिवसात १९ जण मारले गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी संसद जळाली आणि कांतिपूर या देशातल्या मोठ्या माध्यमसमूहाची इमारतही जळाली. मग डिस्कॉर्डवर हजारो मुलांनी चर्चा केली आणि तिथून सुशीला कार्की यांचं नाव पुढे आलं. १२ तारखेला त्यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. गेम खेळणाऱ्यांच्या अॅपवर देशाच्या पंतप्रधानाचं नाव ठरतं, हे थरारक आहे. पण गेलेले जीव आणि जळालेली न्यूजरूम हाही त्याच आठवड्याचा हिशोब आहे.

खोटा फोटोही चालतच येतो

ज्या आझाद मैदानावर ते तळपाय येऊन थांबले, तिथेच ११ ऑगस्ट २०१२ ला वेगळं चित्र होतं. आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसाचाराच्या निषेधाची सभा होती. त्याआधीचे काही आठवडे भलतेसलते फोटो फिरत होते. चीनमधल्या तिबेटी भागातल्या २०१० च्या भूकंपानंतरचा फोटो म्यानमारमधल्या कत्तलीचा म्हणून दाखवला जात होता. सभा पेटली. दोघांचा मृत्यू झाला, पन्नासहून जास्त जखमी झाले, वाहिन्यांच्या ओबी व्हॅन जाळल्या गेल्या. पुढच्या काही दिवसांत अफवांमुळे ईशान्येकडची मुलं बंगळुरू, पुणे सोडून रेल्वेने घरी पळाली आणि सरकारला एसएमएसवर मर्यादा घालावी लागली. तेव्हा तर बहुतेकांकडे साधे फोन होते!

'मी असलं काही फॉरवर्ड करत नाही', असं मीही म्हणायचे. मग एका आंदोलनाच्या गर्दीचा ड्रोनमधून घेतलेला जबरदस्त फोटो मी शेअर केला. तो दुसऱ्याच राज्यातल्या, दुसऱ्याच वर्षीच्या सभेचा निघाला. एका मित्राने खाली लिंक टाकली. मी पोस्ट गुपचूप डिलीट केली, चूक झाली असं लिहिलं नाही. ज्यांनी माझ्याकडून तो फोटो पुढे पाठवला, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती कधी पोचलीच नाही. आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळालं की बघा, यांचे फोटोच खोटे आहेत. खऱ्या मागणीचं सगळ्यात जास्त नुकसान तिच्या बाजूने टाकलेला खोटा फोटो करतो.

दुसरीकडे, अफवा रोखायच्या नावाखाली थेट इंटरनेटच बंद केलं जातं. मग खोट्यासोबत खरंही थांबतं आणि बातमीदारही आंधळे होतात. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या निकालात सांगितलंय की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश जाहीर करावे लागतील. आपल्या गावात नेट बंद झालं तर 'आदेश कुठे आहे?' हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

मग आपण काय करायचं?

स्टेटस ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. त्या रात्री ते फोटो फिरले नसते तर हायवेवर चपला घेऊन कोणी उभं राहिलं नसतं. पण शेअर करायच्या आधी स्वतःला चार प्रश्न विचारता येतात. मागणी नक्की काय आहे, एका वाक्यात? ती कोणाकडे आहे? ती एका सहीने सुटणारी आहे की हजार सह्यांची? आणि हा फोटो कधीचा, कुठला?

एका सहीची असेल तर जोर लावा, टॅग करा, रस्त्यावर बसा. हजार सह्यांची असेल तर मात्र फोनमध्ये तीन महिन्यांनंतरचा रिमाइंडर लावा. त्या दिवशी बघा काय झालं. काही कळलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. 'दिलेल्या आश्वासनांपैकी किती दावे मंजूर, किती फेटाळले, किती प्रलंबित?' एवढाच प्रश्न. मिळालेलं उत्तर तुमच्या तालुक्याच्या बातमीदाराला नेऊन द्या. त्याला व्हायरल व्हिडिओ रोज शंभर येतात, आकड्यांचा कागद क्वचित येतो. मास मीडियावाल्यांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? मागच्या पाच वर्षांत गाजलेलं एक आंदोलन घ्या आणि आज त्या मागणीचं काय झालं ते शोधा.

आणि मोर्चाला जाऊन शूटिंग करणार असाल तर मूळ व्हिडिओ तारीख-वेळेसकट जपून ठेवा, कापलेली क्लिप नव्हे. लहान मुलांचे, घाबरलेल्यांचे चेहरे टाकू नका. तुम्हाला लाइक्स मिळतात, त्यांना नंतर पोलिस ठाण्याच्या चकरा मिळू शकतात.

मी २०२३ ला ती छोटी बातमी वाचल्यानंतर नाशिककडच्या एका मैत्रिणीला फोन केला. तिच्या मामाच्या घरचा वनजमिनीचा दावा आहे. मी विचारलं, काय झालं त्याचं? ती म्हणाली, मोजणी झाली, जमीन कमी दाखवली, अपील केलंय. मग जरा थांबून म्हणाली, 'मोर्चाचे फोटो तर सगळ्यांनी पाठवले गं. हे विचारायला फोन करणारी तू पहिलीच.'

अपिलाचा निकाल अजून लागलेला नाही. दर तीन महिन्यांनी माझा रिमाइंडर वाजतो आणि मी तिला फोन करते.